एक नाव, दोन बँड, चार वकील

पश्चात्ताप करावा तर नॅशव्हिलच्या त्या त्रिकुटासारखा. हिलरी स्कॉट, चार्ल्स केली आणि डेव्ह हेवूड. बँडचं नाव 'लेडी अँटिबेलम', संगीत कंट्री, कपाटात ग्रॅमी. अँटिबेलम म्हणजे युद्धापूर्वीचं. अमेरिकेच्या दक्षिणेत नुसतं युद्ध म्हटलं की यादवी युद्ध, आणि त्यापूर्वीचा काळ म्हटलं की खांबाखांबांचे पांढरेशुभ्र वाडे आणि वाड्यांमागे कापसाच्या शेतात राबणारे गुलाम. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा जीव पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला, देश रस्त्यावर उतरला, आणि ११ जूनला या मंडळींनी जाहीर केलं की नावातला हा अर्थ आमच्या ध्यानातच आला नव्हता, क्षमा असावी. यापुढे आम्ही फक्त 'लेडी ए'.

तिकडे सिएटलमध्ये अनिता व्हाइट नावाच्या एक गायिका होत्या. ब्लूज गाणाऱ्या, कृष्णवर्णीय. वीसहून जास्त वर्षं त्या गात होत्या, अल्बम काढत होत्या, आणि ते सगळं 'लेडी ए' या नावानं.

म्हणजे गुलामगिरीच्या खुणा पुसायला निघालेल्या तिघांनी पहिल्याच फटक्यात एका काळ्या बाईचं नाव उचललं. असलं कथानक घेऊन एखादा नवा नाटककार निर्मात्याकडे गेला असता, तर 'जरा जास्तच होतंय' म्हणून त्याला परत पाठवला असता.

मग जे व्हायचं ते झालं. आधी झूम. जूनच्या मध्यावर दोन्ही बाजूंची व्हिडिओवर बोलणी झाली आणि बँडनं त्या बैठकीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. छोटेछोटे चौकोन, चौकोनांत हसरे चेहरे, खाली प्रेम, संवाद, पुढची वाटचाल वगैरे. साखरपुड्याच्या फोटोतही माणसं एवढी मनापासून हसत नाहीत. त्यानंतर जेमतेम तीन आठवडे गेले आणि ८ जुलैला बँडनं नॅशव्हिलच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. प्रतिवादी अनिता व्हाइट.

दाव्यात पैसे मागितले नव्हते, हे बँडच्या बाजूनं सांगायला हवं. हे नाव वापरायचा आम्हाला हक्क आहे, एवढंच कोर्टानं जाहीर करावं, अशी ती नम्र विनंती. तोवर व्हाइटबाईंनी एक कोटी डॉलर मागितले होते. निम्मे स्वतःला नव्या नावानं उभं राहण्यासाठी, निम्मे दानधर्माला. आकडा मोठा आहे, आणि तो पाहून बँडचे चाहते खवळले. पण बाईंचं म्हणणं काय होतं ते बघा. नाव तुम्हीच ठेवा, मी नवं घेते. फक्त वीस वर्षांची ओळख नव्यानं उभी करायला खर्च येतो, तो द्या. घर पाडून रस्ता करणाऱ्याकडे लोक मोबदला मागतातच की. त्यांना कोणी लोभी म्हणत नाही.

बँडचा हुकमाचा पत्ता कागदाचा होता. 'लेडी ए' हे चाहत्यांनी ठेवलेलं लाडाचं नाव त्यांनी आधीच ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं होतं. २०१० मध्ये अर्ज, २०११ मध्ये नोंदणी, हरकत कोणीही घेतली नाही. आता सिएटलमध्ये शनिवार-रविवारी ब्लूज गाणारी बाई रोज सकाळी उठून ट्रेडमार्कची जाहिरात-पत्रिका चाळत असेल, असं गृहीत धरायला वकीलच लागतो. सप्टेंबरमध्ये बाईंनी सिएटलच्या कोर्टात उलट दावा केला. त्यांची तक्रार अशी की ऑनलाइन कुठेही 'लेडी ए' शोधा, समोर नॅशव्हिलचं त्रिकूट उभं राहतं आणि मी तळाला जाते.

हा तळाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. ट्रेडमार्कचा कायदा घडला तो लबाड छोट्याला रोखण्यासाठी. एसटी स्टँडवर नामांकित बिस्किटाच्या नावातलं एक अक्षर फिरवून पुडे विकणारा जो असतो, तो. मोठ्याच्या नावावर पोट भरणारा. पण गाण्याबजावण्याच्या धंद्यात बहुतेक वेळा चित्र उलटं असतं. छोटा आधी येतो, मोठा मागाहून. मोठ्याच्या मागे रेकॉर्ड कंपनी, टीव्ही, जाहिरात. वर्षभरात अशी वेळ येते की अस्सल माणूस आपल्या गावच्या क्लबात गायला उभा राहिला, तर मागच्या रांगेतून कुजबूज येते, 'हा त्या मोठ्यांची नक्कल करतोय वाटतं.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते इथे साउंड सिस्टिम लावून चालतं.

आणि लंडनच्या एका न्यायाधीशांना हे बरोब्बर कळलं होतं. २००१ मध्ये ब्रिटनच्या टीव्हीवर 'पॉपस्टार्स' नावाची स्पर्धा झाली. जिंकले त्यांचा एक बँड झाला. हरलेल्या पाच जणांनी मिळून दुसरा काढला आणि नाव ठेवलं 'लिबर्टी'. आता 'लिबर्टी' नावाचा एक फंक बँड तिथे आधीपासून होता. त्यांना कोणी फारसं ओळखत नव्हतं. विक्री किरकोळ, कार्यक्रम मोजके. मोठ्या कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद साहजिकच हा होता, की साहेब, यांना कोण ओळखतं? न्यायमूर्ती लॅडी यांनी २००२ मध्ये निकाल दिला तो थोडक्यात असा : ओळख लहान असली तरी ती त्यांची आहे, आणि तुमच्या गाजावाजाखाली ती बुडून जाईल, हेच तर त्यांचं नुकसान. (न्यायमूर्तींचं नाव लॅडी, लेडी नव्हे. नावांचा घोळ इथे आधीच पुरेसा आहे.)

मग टीव्हीवाल्यांनी काय केलं? नावापुढे एक्स जोडला. 'लिबर्टी एक्स'. त्याच वर्षी त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जुन्या फंकवाल्यांनी खटला जिंकला. त्यानंतर त्यांचं काय झालं हे तुम्हाला माहीत नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही.

तर तडजोडीचा हा राजमार्ग. शेपूट लावा आणि मोकळे व्हा. अमेरिकेत 'डायनोसॉर' नावाच्या पोरांवर 'द डायनोसॉर्स' नावाचे साठच्या दशकातले मुरलेले वादक उखडले, तर पोरं 'डायनोसॉर ज्युनियर' झाली. आयर्लंडमध्ये 'ब्लिंक' होता म्हणून कॅलिफोर्नियातला 'ब्लिंक-१८२' झाला; त्या १८२ चा अर्थ लोक आजतागायत शोधताहेत. ब्रिटनच्या 'स्वेड'ला अमेरिकेतल्या त्याच नावाच्या गायिकेमुळे तिकडे 'द लंडन स्वेड' म्हणून जावं लागलं. 'बुश'ला कॅनडात 'बुश एक्स', कारण तिथे १९७० च्या सुमारास एक 'बुश' होऊन गेला होता. हे प्रकरण तेवढं गोडीत मिटलं. जुन्या बुशच्या डॉमेनिक ट्रॉयानो यांनी १९९७ मध्ये सांगितलं, दोन धर्मादाय संस्थांना प्रत्येकी वीस हजार डॉलर द्या आणि वापरा नाव. एक्स गळून पडला. एवढं शहाणपण दाखवायला वकील आड येत नाहीत असं नाही, पण ट्रॉयानो स्वतः गिटार वाजवणारा माणूस होता.

'निर्वाण'ची गोष्ट तर मला फारच आवडते. कर्ट कोबेनचा 'निर्वाण' जगभर गाजला तेव्हा लंडनमधले पॅट्रिक कॅम्बेल-लायन्स आणि अ‍ॅलेक्स स्पायरोपोलस जागे झाले. त्यांचाही 'निर्वाण' होता, साठच्या दशकातला, मऊमऊ, फुलाफुलांच्या शर्टांच्या काळातला. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात दावा, कोर्टाबाहेर तडजोड, दोघांनीही नाव वापरायचं. आणि पुढे १९९६ च्या अल्बममध्ये या जुन्या निर्वाणानं नव्या निर्वाणाचं 'लिथियम' हे गाणं आपल्या पद्धतीनं गाऊन टाकलं. आधी नाव वसूल केलं, मग गाणंही.

छोटा नेहमी जिंकतोच असं समजू नका. २०१२ मध्ये ब्रिटनची 'वन डायरेक्शन' ही पाच पोरं अमेरिकेत उतरली तेव्हा कॅलिफोर्नियात त्याच नावाचा एक बँड होता. दावा झाला, महिने गेले, तडजोड झाली. नाव बदललं ते कॅलिफोर्नियावाल्यांनी. नवं नाव 'अनचार्टेड शोअर्स', अर्थात अनोळखी किनारे. त्यांना निदान विनोदबुद्धी तरी होती.

इथवर शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं झाली. घरातली याहून भारी. भांडण झालं, बँड फुटला, तर नाव कुणाचं?

'शुगाबेब्स' बघा. १९९८ मध्ये तीन मुलींनी सुरू केलेला लंडनचा गट : शिवॉन, मुत्या, कीशा. २००१ मध्ये शिवॉन गेली, तिच्या जागी दुसरी आली. २००५ च्या अखेरीस मुत्या गेली, तिच्या जागी तिसरीच. २००९ मध्ये कीशाही बाहेर. आता स्टेजवर तिघी होत्या, नाव तेच होतं, कंपनी तीच होती, आणि सुरू करणाऱ्यांपैकी एकही नव्हती. संगीत खुर्ची खेळतात ना, तशी. फक्त इथे खुर्च्यांना ट्रेडमार्क होता. मग मुत्यानं एक अफलातून चाल केली. युरोपात 'शुगाबेब्स' हे नाव कागद, पुठ्ठा आणि लेखनसामग्रीसाठी नोंदवायला अर्ज टाकला. गाण्याचं नाव गेलं तर गेलं, निदान शुभेच्छापत्रं तरी आपल्या नावाची! मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा सुरुवातीला आद्याक्षरांचं 'एमकेएस' लावून गायल्या. आपल्याच नावानं पुन्हा स्टेजवर जायला त्यांना २०१९ उजाडावं लागलं.

आणि 'फ्लीटवूड मॅक'? १९७४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लोकांनी तिकिटं काढली, हॉलमध्ये जाऊन बसले, पडदा उघडला तर स्टेजवर भलतीच माणसं. मॅनेजर क्लिफर्ड डेव्हिस यांचं म्हणणं की नावाचा मालक मी, तेव्हा फ्लीटवूड मॅक म्हणजे मी सांगेन ते. खरा बँड कोर्टात गेला, दौरा गुंडाळला. गंमत पुढे आहे. त्या भाडोत्री वादकांनी 'स्ट्रेच' नावाचा बँड काढला, आणि 'तू असं का केलंस?' या अर्थाच्या मुखड्याचं त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये चांगलं चाललं. दौऱ्यावर येतो म्हणून ऐनवेळी न आलेल्या मिक फ्लीटवूडलाच ते उद्देशून आहे म्हणतात. खोट्या बँडनं खऱ्याला जाब विचारला!

इंग्लंडच्या 'सॅक्सन' या हेवी मेटल बँडमध्येही हेच झालं. गायक बिफ बायफर्ड बँड चालवत राहिला, सोडून गेलेल्या दोघांनी नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आणि कागद पुढे केला. २००३ मध्ये निकाल द्यायला पुन्हा तेच न्यायमूर्ती लॅडी. त्यांनी सांगितलं की नाव कोणा एका सभासदाच्या खिशात नसतं, ते भागीदारीचं असतं. सोडून जाणाऱ्यानं ते वळकटीत गुंडाळून नेऊ नये. आणि हे सगळं आधीच कागदावर लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

हे वाचताना मला १९१३ सालचं पुणं आठवलं. म्हणजे मी तिथे नव्हतो, पण मराठी माणसाला त्या काळच्या नाटकवाल्यांबद्दल असं वाटतंच. नारायण श्रीपाद राजहंस (म्हणजेच बालगंधर्व), गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले. कंपनीचा प्राणच बाहेर पडला म्हणा. आजचा सल्लागार असता तर त्यानं त्यांना रातोरात 'ओरिजिनल किर्लोस्कर' काढायला लावलं असतं. त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. किर्लोस्कर हे नाव कंपनीचं, ते कंपनीकडे राहिलं. बालगंधर्व ही पदवी माणसाची, ती माणसाबरोबर गेली. लंडनच्या हायकोर्टाला जे २००३ मध्ये उमगलं, ते आपल्याकडे एकही नोटीस न जाता झालं होतं.

त्या पदवीचं पुढे काय झालं ते पाहून मात्र नॅशव्हिलच्या वकिलाला घाम फुटेल. एक बालगंधर्व असताना कुंदगोळचे रामभाऊ 'सवाई गंधर्व' झाले. सवाई! म्हणजे उघडउघड 'त्याच्यापेक्षा सव्वापट'. आजच्या कोर्टात एवढ्या एका विशेषणावर अंतरिम मनाई मिळेल. मग सौदागर गोरे 'छोटा गंधर्व' झाले. शिवपुत्र कोमकली लहानपणीच 'कुमार गंधर्व' झाले. बाल, सवाई, छोटा, कुमार. चौघेही गाणारे, चौघेही एकाच मुलखात ऐकले जाणारे. श्रोता कधी गोंधळला? कुमारांच्या मैफलीला जाऊन 'स्वयंवर'चं तिकीट परत मागणारा इसम अजून तरी ऐकिवात नाही. पुण्यात तर डिसेंबर आला की 'सवाईला जातोय' एवढं म्हटलं की पुरतं.

आणि ८ जुलै १९२१ ला मुंबईत काय घडलं? गंधर्व आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या 'संयुक्त मानापमान' घेऊन एकाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. नव्याण्णव वर्षांनी त्याच तारखेला लेडी ए नॅशव्हिलच्या कोर्टाची पायरी चढला. तारखांनाही तिरकस सदर लिहायची हौस असते.

पण जुन्या काळाचे गोडवे गाऊन थांबलो तर मला फसवणुकीच्या कलमाखाली आत टाकायला हवं. पदव्या लोकांनी दिल्या होत्या आणि माणसागणिक आवाज वेगळा होता, म्हणून निभावलं. जिथे नावावर सुपारी ठरते तिथे आपणही चोख असतो. यात्रांच्या हंगामात नारायणगावला जाऊन बघा. तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला आलेले असतात आणि बाहेर फलक झळकत असतात. फलकावरचं नाव वाचताना दम लागतो. 'मंगला बनसोडे (करवडीकर) सह नितीनकुमार', 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. माणसाचं नाव, गावाचं नाव, आणि मधला 'सह', म्हणजे आमच्या फडात कोण आहे आणि कोणाची परंपरा आहे याचा पुरता दाखला. या मंडळींना ट्रेडमार्क कार्यालयाचा पत्ता माहीत असो-नसो, बनावट फडापासून बचाव कसा करायचा हे मात्र त्यांना अमेरिकेच्या आधी कळलं. तिकडे जुन्या 'प्लॅटर्स', 'ड्रिफ्टर्स' अशा गटांच्या नावानं एकही मूळ गायक नसलेले ताफे गावोगाव पैसे गोळा करत होते. ते थांबवायला तीसहून जास्त राज्यांना वेगळे कायदे करावे लागले.

कायदा आपल्याकडेही बरा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं ३४ वं कलम सांगतं, की आधीपासून जो नाव वापरतोय त्याला नंतर नोंदणी करणारा हुसकावू शकत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडाई हलवा'च्या खटल्यात हेच ठणकावलं : समोरच्याकडे नोंदणीचा कागद असला तरी आधीचा वापर वरचढ. हलव्याला जो न्याय, तोच ब्लूजला मिळायला हरकत नव्हती.

अनिता व्हाइट यांना तो मिळाला का? २०२२ च्या सुरुवातीला दोन्ही दावे तडजोडीनं निकाली निघाले. अटी गुप्त. त्रिकूट आजही 'लेडी ए' म्हणूनच गातं. आणि ज्या जूनमध्ये हे सगळं सुरू झालं त्याच महिन्यात 'डिक्सी चिक्स' या बँडलाही 'डिक्सी' या शब्दातली गुलामगिरीची दक्षिण टोचली होती. त्यांनी 'द चिक्स' व्हायचं ठरवलं, न्यूझीलंडमध्ये साठच्या दशकात याच नावाच्या दोघी बहिणी गात होत्या हे आधी शोधून काढलं, त्यांची परवानगी घेतली आणि नाव बदलताना त्यांचे जाहीर आभार मानले. म्हणजे अशक्य काहीच नव्हतं. एक फोन होता, आणि तो घोषणेच्या आधी करायचा होता.

आता गणपतीच्या तोंडावर नवं ढोल-ताशा पथक काढायच्या बेतात असलेल्यांसाठी दोन शब्द. 'शिव', 'रुद्र', 'नाद' आणि 'गर्जना' हे चार शब्द उलटसुलट जुळवून तुम्ही नाव काढणार, आणि शेजारच्या पेठेतल्यांनी तेच आधीच काढलेलं असणार, हे उघड आहे. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर नाव शोधायला पैसा पडत नाही. करमणूक आणि सांस्कृतिक कार्यक्रम एक्केचाळिसाव्या वर्गात येतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. सोबत एका साध्या कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, की पथक फुटलं तर नाव कुणाकडे राहील. आत्ता एकमेकांशी बोलताय तोवरच घ्या. टी-शर्ट त्यानंतर छापायला टाका.